रूळ कोणाचे, भाडे कोणाला?

यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी ‘शकुंतला’ बंद पडली. परंतु तिने दिलेला धडा या जिल्ह्याने विसरता कामा नये. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी घातलेला तो लोहमार्ग स्वातंत्र्यानंतरही एका खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारी रेल्वेने चालवावी, माल व उतारू येथले असावेत, आणि रुळांचा मोबदला मात्र मालकाच्या पदरात पडावा, असा तो व्यवहार!

आज गणनशक्तीच्या बाबतीत तोच प्रश्न उभा आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने येथील कपाशीची धूळधाण केली. अशा किडीचा आणि पावसाचा तालुकावार अंदाज बांधावयाचा तर प्रचंड आकडेमोड करावी लागते. त्यासाठी महासंगणक विकत घेणे एकेका महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. बड्या कंपनीकडून तासाच्या दराने गणनशक्ती भाड्याने घेता येते, हे खरे. पण बिल थकले की काम थांबते, आणि गाठीला काहीच उरत नाही.

तिसरा मार्ग ग्रिडचा, म्हणजे ठिकठिकाणचे संगणक जोडून एकदिलाने राबविण्याचा. सी-डॅक या शासकीय संस्थेने ‘गरुड’ योजनेत 17 शहरांतील 45 संस्था अशा जोडल्या होत्या. जिनेव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेसाठी सुमारे 40 देशांतील केंद्रे आपला वाटा आगाऊ जाहीर करून उचलतात. यंत्रे जोडण्याचे कोडे सुटले आहे; कसोटी आहे ती देण्याघेण्याच्या हिशेबाची.

यवतमाळ व पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून एक गणन-सहकारी संस्था स्थापावी, असे आम्ही सुचवितो. रात्री रिकाम्या राहणाऱ्या संगणकांचे जो जितके तास देईल, तितके त्याच्या खाती जमा व्हावेत. अधिक लागल्यास ठरलेला दर द्यावा. वीज व देखभाल यांचा खर्च वार्षिक वर्गणीतून भागावा. सर्वच कामे अशी वाटून करता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी महासंगणकाचे तास सर्वांच्या वतीने एकत्र घ्यावेत, म्हणजे दराबाबत घासाघीस तरी करता येईल.

आरंभी शासनाचे अनुदान हवेच. परंतु केवळ अनुदानावर उभी राहिलेली संस्था अनुदान आटताच खाली बसते, हा सहकारक्षेत्राचा कटु अनुभव आहे. सभासदाने पदरचे चार पैसे घातले, तरच त्याला संस्थेची काळजी वाटते.

शकुंतलेचे रूळ आपले नव्हते. या नव्या मार्गाचे तरी आपले असोत!