पाणी कुठे मुरते?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मराठीला ज्याने दिला, तो बहुधा एखाद्या जुन्या घराचा मालक असावा. संशय पक्का, पण पुरावा हाती लागत नाही, ही व्यथा त्याला भिंतीकडे पाहूनच सुचली असेल. मुरणारे पाणी दिसत नाही. दिसतो तो डाग. आणि तोही पाणी शिरले तेथे नव्हे, तर आडवाटेने फिरून ते जेथे बाहेर पडले तेथे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरची रंगसफेदी आटोपलेली असेल. पावसाळ्याने भिंतीवर लिहिलेला मजकूर न वाचताच पुसून टाकण्याचा हा आपला वार्षिक सोहळा! रंग ओल झाकतो, थांबवीत नाही. मग संक्रांतीच्या सुमारास त्याच कोपऱ्यात पापुद्रे सुटले की आपण रंगाऱ्याला बोल लावतो.

पाण्याने घर बुडते म्हटले की आपल्याला १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवते, २६ जुलै २००५ ची मुंबई आठवते, जुलै २०२१ चे चिपळूण आठवते. त्या लोंढ्यांपुढे एकट्या गृहस्थाचे काय चालणार? परंतु बहुतेक घरे पुराने नव्हे, थेंबाने खचतात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी चारेक लिटर पाणी सोडतो. तेवढे पाणी रोज भिंतीच्या पोटात जात असेल, तर भिंतीने किती दिवस सोसावे?

आमचे परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी. येथल्या जुन्या घरांना मेळघाटचा सागवान आणि वर कवेलू. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरून घेणे हा वर्षाचा नेम होता. त्यानिमित्ताने कोणीतरी छपरावर चढून पाहत असे. स्लॅब आला आणि वर जाण्याचे कारणच उरले नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर २,३०० लिटरांहून अधिक पाणी जमते. गच्चीला दर दहा फुटांमागे सव्वा इंच उतार हवा आणि पन्हळीचे तोंड मोकळे हवे. कडुनिंबाच्या मूठभर पाल्याने ते बुजले की पाणी साचते आणि फटीतून लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेतो; तो फुगतो, काँक्रीट फोडतो, आणि एके दिवशी छताचा पोपडा पाळण्यात पडतो. ओलीची उपेक्षा करणाऱ्यांनी पाळणा कोठे टांगला आहे, एवढे तरी पाहावे.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. छपरापुरते ते खरे. भिंतीत मात्र पाणी वर चढते. दिव्याची वात जसे तेल ओढते, तशी वीट जमिनीतली ओल ओढते. आमची काळी माती तर पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात ओलरोधक थर नसला, किंवा मोगऱ्याचा वाफा भिंतीला चिकटून केला, की गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटतो. वाफा दूर न्यावा. जोत्याभोवती बाहेर उतरती फरशी करावी. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडते आणि भिंत पोखरते.

डाग कोठे आहे यावरून पुष्कळ कळते. तळाशी असेल तर जमीन, छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची, भिंतीच्या मध्यावर असेल तर नळी. नळीचा संशय आला तर रात्री सारे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी खाली गेलेले दिसले की चोर घरातलाच समजावा. ओल विजेच्या बटणांजवळ असेल, तर आधी मेन बंद करून वायरमनला बोलवावे.

वऱ्हाडात आणखी एक पावसाळा असतो, तो कूलरचा. आभाळात ढग नसताना खिडकीखाली तीन महिने संततधार! कूलर भिंतीपासून चार बोटे सुटा ठेवावा, आणि त्याच्या गळतीला नळी लावून ती मोरीत सोडावी.

जुने लेखक पोथीच्या शेवटी, हिला तेल आणि पाणी यांपासून जपा, अशी विनवणी करीत. आपण मात्र घराची कागदपत्रे, गुणपत्रिका आणि लग्नातले फोटो बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात, तेही तळच्या खणात ठेवतो. तुकोबांची गाथा इंद्रायणीने तारली. आपल्या खरेदीखताविषयी तिने तसे आश्वासन दिलेले नाही. कपाट वीतभर पुढे ओढावे, कागद वरच्या खणात न्यावेत.

हे सारे करायचे कधी? दिवाळीपासून होळीपर्यंत. भिंती वाळलेल्या असतात, गवंडी मिळतो, आणि सिमेंट भिजत ठेवता येते. आमच्या वैशाखात ते वाळून तडकते. गच्चीची दुरुस्ती झाली की पन्हळीचे तोंड बांधून दोन दिवस थोडे पाणी साचवावे आणि खाली छत न्याहाळावे. मृगापूर्वी पुन्हा एकदा झाडू घेऊन वर जावे, म्हणजे झाले.

तोवर एक काम आजच करता येईल. गेल्या पावसाळ्यात डाग कोठे होता, हे घरातल्या सर्वांना आठवत असेलच. तो पुन्हा उमटला की पेन्सिलीने त्याची कड आखून शेजारी तारीख लिहावी. कोरड्या महिन्यांतही तो कड ओलांडून गेला, तर पाणी पावसाचे नाही, घरातले आहे. नव्या रंगावर पेन्सिल चालवायची म्हणजे गृहिणीची परवानगी लागेल. ती मिळवण्याची युक्ती मात्र ज्याने त्याने आपापली शोधावी.