गोणपाटाची ढाल

संमेलनांत सिंहगडचा प्रसंग करावयाचा ठरला, कीं मावळ्यांचा साज कोठून आणावा हा प्रश्न उभा राहतो. मागें याच प्रश्नापायीं माझा एक वर्गबंधु मागें राहिला. भाड्याच्या पोशाखाची रक्कम ऐकून तो घरीं कांहीं बोललाच नाहीं. 'मला नाटकाची हौस नाहीं,' असें सांगून तो बाजूस झाला. त्याचे वडील मार्केट यार्डांत हमाली करितात. त्या दिवसापासून मनांत घोळणारा विचार आज वाचकांपुढें ठेवतों.

भाड्याचा साज महाग असतो. पण तो खरा तरी असतो काय? १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांबरोबर जे मावळे रात्रीं सिंहगडचा कडा चढले, त्यांस जरीची किनार आणि चकाकणारी पत्र्याची ढाल काय कामाची? जुन्या ढाली बहुधा जाड कातड्याच्या असत. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं शस्त्रें आहेत, तीं अवश्य पाहावीं. ढालीवर जीं चार फुलें दिसतात, तीं केवळ शोभेचीं नव्हत. मागील मुठींच्या कड्या त्यांनींच जखडलेल्या असतात, आणि बोटांस मार लागूं नये म्हणून मुठीखालीं लहानशी गादी असते. नक्कल करावयाची ती या उपयोगाची करावी, चकाकीची नव्हे.

आणि यास लागणारें सामान गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत अल्प मोलांत मिळतें. वेळूची उथळ पाटी पालथी घालावी, तीवर बारदानाचा तुकडा खळीनें चिकटवावा, वाळल्यावर काळा रंग द्यावा. लाकडाचीं चार फुलें बसवून त्यांतून सुतळीच्या मुठी ओवाव्या, खालीं चिंध्यांची गादी शिवावी. अंगावर जुनी बंडी, कमरेस आजीच्या लुगड्याचा पट्टा, खांद्यावर घरची घोंगडी. तलवार मात्र लाकडाची व बोथटच असावी. खरें पातें शाळेंत आणूंच नये.

कोणी म्हणेल, हें तर निव्वळ सोंग! होय, सोंगच, पण भाड्याचा साजही सोंगच असतो, फक्त तें कबूल करीत नाहीं. आपण रंगमंचाबाहेर एक पाटी लावावी: कोणती वस्तु कशाची केली आणि मूळ वस्तु कशी होती. म्हणजे पाहणाऱ्यांची फसवणूक होणार नाहीं, उलट त्यांस चार गोष्टी कळतील.

पालकांस व गुरुजनांस माझी नम्र विनंती आहे, कीं यापुढें साज घरोघर विकत न आणवितां सर्व वर्गानें शाळेंतच मिळून करावा. ज्या बारदानाची ढाल होऊं शकली असती, तें माझ्या मित्राच्या वडिलांच्या पाठीवरून रोज जात होतें. तें आम्हांस वेळेवर सुचलें नाहीं, आणि एक चांगला मावळा प्रेक्षकांत बसून राहिला. पुढील संमेलनांत तसें न घडो.