ढोलाआडचा सूर

लग्नाचा बँड ठरवताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती माणसं?’ अकरा, एकवीस, एकतीस. दर माणसांवर ठरतो आणि वऱ्हाडाची प्रतिष्ठाही त्यावरच मोजली जाते. मास्टर कोण आहे, तो ट्रंपेट कसा वाजवतो, हे विचारणारा यजमान आमच्या कोडोलीच्या टापूत मला क्वचितच भेटला. भजनात पखवाज जरा उतरला तर माना वळवणारी हीच माणसं! बँडच्या बाबतीत मात्र आपले कान वरातीच्या घोड्यासारखे झाले आहेत. आवाजाला सरावलेले.

वास्तविक पितळी वाद्याइतकं माणसाच्या शरीराला चिकटलेलं वाद्य शोधून सापडणार नाही. पेटीत सूर आधीच बसवलेले असतात. ट्रंपेटला अवघ्या तीन कळा. तीच कळ दाबलेली ठेवून ओठ कमीजास्त आवळला की निरनिराळे स्वर निघतात. सूर जन्मतो तो ओठांत. पुढची साडेचार-पाच फुटांची गुंडाळलेली नळी त्याला आकार देते. जोरानं फुंकलं की वरचे उपस्वर वाढतात आणि आवाजाला धार चढते. म्हणून मोठ्यानं वाजवणं त्यातल्या त्यात सोपं. हळू, भरीव आणि न थरथरता वाजवणं, तेही चालता चालता, हे खरं काम. कॉर्नेटची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून तिचा सूर ट्रंपेटहून मऊ. तिच्यावर नाट्यगीतातली मींड घ्यायची तर कळ अर्धीच दाबायची आणि सूर ओठानं ओढायचा. हे आमच्याकडचे वादक कुठल्या विद्यालयात शिकले? बापाच्या नाहीतर मामाच्या मागून रस्त्यानं चालत शिकले.

बँकेत असताना बँडवाल्यांच्या कर्जाच्या फायली माझ्याकडे येत. मेरठहून आणलेली वाद्यं तारण. धंदा मुहूर्तांचा, चातुर्मासात सगळं थंड, आणि हप्ता मात्र दरमहा! एकदा एका मास्टरनं दातांच्या कवळीसाठी कर्ज मागितलं. पुढचे दोन दात गेले होते, ओठाला आधार उरला नव्हता. अर्जावर कारण काय लिहायचं, यावर शाखेत बराच खल झाला. शेवटी मी लिहिलं, ‘वाद्यदुरुस्ती’. मला ते आजही अचूक वाटतं.

पितळी वाद्याचा एकटा सूर ऐकायची सवय आपल्याला लागली ती सिनेमातून, आणि ती लावली गोव्याच्या वादकांनी. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं आधी स्वरलिपी वाचायला शिकत, मग वाद्य हातात घेत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यातलेच. मुंबईत ते ‘चिक चॉकलेट’ झाले; लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे ते साहाय्यक. ‘अलबेला’ (१९५१) पुन्हा पाहाल तेव्हा भगवानदादांच्या पायांवरून नजर जरा हलवा आणि ट्रंपेट ऐका. तो सूर हसतो. त्याच चित्रपटातली गाणी गावोगावच्या बँडांनी उचलली. गाणी सगळ्यांना पाठ झाली, वाजवणाऱ्याचं नाव मात्र वरातीबरोबर पुढे निघून गेलं. याला अपवाद आहेत. पुण्यात सोलापूरकरांच्या प्रभात बँडला नावानं ओळखणारे श्रोते आहेत.

अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ नावाची तरुणांची पथकं असतात. मुख्यतः पितळी वाद्यं आणि तालवाद्यं. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयानं ती वाढली. शंभराहून अधिक मुलं मैदानावर कवायत करत वाजवतात आणि मध्येच एखादा एकटा पुढे येतो. बाकीचे थांबतात किंवा आवाज खाली आणतात. शंभरजण एकासाठी जागा करून देतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्याच देशात माजी सैनिकांच्या अंत्यविधींना बिगूलवाले पुरेनात, म्हणून २००३ साली आतमध्ये ध्वनिमुद्रण बसवलेला बिगूल आला. माणसानं तो नुसता ओठाशी धरून उभं राहायचं!

सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याला हे सांगताना बरं वाटत नाही. आपल्याकडे जवानाच्या अंत्यविधीला बिगूल वाजतो तेव्हा मैदानभर माणूस हलत नाही. त्या वाद्याला कळही नसते. मोजके चार-पाच स्वर, सगळे ओठावर. शेवटचा लांबवलेला स्वर किंचित कापला तर तो वाजवणाऱ्याचा कापलेला असतो, आणि समोर उभ्या असलेल्या आईबापाला ते कळतं.

आता वरातीत डॉल्बी आली. छातीत धडधड होते, काचा हादरतात. तक्रार आवाजाची होते, ती रास्तच आहे. माझं दुखणं आणखी एक आहे. त्या भिंतीमागे कुणाचाही ओठ नाही. बँडच्या घरातली पोरं पाहतात की बापाला बोलावणं कमी झालं, आणि वाद्य खुंटीला टांगून दुसऱ्या कामाला लागतात. हा सूर कॅसेटवरून शिकता येत नाही. एक पिढी तुटली की तुटला. वास्तविक आमच्या शेजारी वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी बालवाद्यवृंद उभा केला होता. उसाच्या मुलखातली पोरं वाद्यवृंदात वाजवू शकतात, हे या भागानं पाहिलेलं आहे. मग हायस्कुलात आठवड्याचे दोन तास जवळच्या एखाद्या बँडमास्तरला मानधन देऊन बोलवायला काय हरकत आहे?

तोवर यजमानांनी एवढं करावं. एकवीसऐवजी अकरा माणसं सांगा आणि उरलेल्यातले काही पैसे मास्टरला वेगळे द्या. वरात मांडवाशी आली की ढोल थांबवायला लावा आणि मास्टरला एक गाणं एकट्यानं वाजवू द्या. त्याआधी त्याला पाच मिनिटं खुर्ची द्या, पाणी द्या. दोन मैल चालत वाजवून त्याचा ओठ सुजलेला असतो.