पावतीने व्हायरस मरत नाही

गोंदियात सध्या एका उपदेशाला फार मागणी आहे. घरच्या संगणकावर फुकटचा अँटीव्हायरस म्हणजे चोराच्या हाती किल्ली. हजार-बाराशे वाचवायला जाल आणि बँकेचं खातं गमावून बसाल. उपदेश करणारे गृहस्थ नावाजलेले आहेत. संगणकाच्या वर्गांत, शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांत त्यांना आवर्जून बोलावतात. भाषण संपलं की बाहेरच्या टेबलावर वर्षभराच्या अँटीव्हायरसचे डबे मांडलेले असतात. योगायोग असेल.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. फुकट देणारा तुमची माहिती विकून पोट भरतो. विंडोजमध्ये आयतं येणारं डिफेंडर नावापुरतं. पुण्यातल्या मराठी माणसाने उभी केलेली कंपनी असताना परक्यांचं फुकट कशाला? आणि आमगाव-सालेकशाच्या साध्या माणसाला यातलं काही कळत नाही, तेव्हा त्याने पैसे मोजावेत आणि निश्चिंत झोपावं.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. अव्हास्ट या मोफत अँटीव्हायरसने लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती आपल्याच जम्पशॉट या कंपनीमार्फत विकली. २०२० च्या जानेवारीत ते उघडकीस आलं, जम्पशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. वक्ते ही गोष्ट रंगवून सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढची आम्ही सांगतो. विकतच्या नॉर्टन ३६० मध्ये २०२१ साली गिऱ्हाइकाच्या संगणकावर आभासी चलन खणण्याची सोय आली. सुरू करणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर होतं, पण केलंच तर वीज त्याची आणि कमाईतला १५ टक्के वाटा कंपनीचा. २०२४ मध्ये अमेरिकेने विकतच्याच कॅस्परस्की अँटीव्हायरसवर बंदी घातली, तेव्हा रोख पैसे भरलेल्या अनेकांच्या संगणकांवर एका सकाळी अल्ट्राएव्ही नावाचं भलतंच सॉफ्टवेअर आपोआप बसलेलं दिसलं. म्हणजे पावती खिशात असूनही घरात कोण शिरणार हे दुसऱ्यानेच ठरवलं.

दुसरा मुद्दा जुना झाला आहे. २००९ मध्ये आलेलं मायक्रोसॉफ्टचं फुकटचं सिक्युरिटी इसेन्शियल्स पुढे बेताचंच ठरलं. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजच्या आतच येतो, आणि जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या तपासणीत त्याने अलीकडच्या वर्षांत अनेकदा पैकीच्या पैकी गुण घेतले आहेत. नेट नसताना त्याची पकड सैल होते, हे ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांत दिसलं आहे; देवरीच्या आतल्या गावात राहणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. पण गुण तपासायचे असतात, किंमत नव्हे. धान खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की पोतं परत येतं, मग शेतकऱ्याने बियाण्याला कितीही पैसे मोजलेले असोत.

तिसरा मुद्दा अभिमानाचा. कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस मारणारा प्रोग्राम लिहिला, आणि १९९० च्या दशकात पुण्यात क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. अभिमान आम्हालाही आहे. पण केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत संगणकातले बॉट काढण्याचं साधन लोकांना फुकट मिळतं, आणि ते देणाऱ्यांत हीच क्विक हील आहे. मराठी कंपनीला फुकट देण्याची लाज वाटत नाही. लाज वाटते ती तिच्या स्वयंघोषित भक्तांना.

ही 'फुकटचं काय कामाचं' वृत्ती आमच्या ओळखीची आहे. युनिकोड मराठी आली तेव्हा याच बाण्याने सांगितलं गेलं की विंडोजसोबत येणारा मंगल फॉन्ट पोरखेळ आहे, खरं काम डोंगलवाल्या विकतच्या फॉन्टमध्येच होतं. त्या विकतच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अगम्य चिन्हांचा सडा पडतो, आणि फुकटची युनिकोड मराठी मात्र सातबाऱ्यापासून व्हॉट्सअॅपपर्यंत पोचली. तो वाद आम्ही तेव्हाही घातला होता. असो.

आता चौथा मुद्दा, आणि आमचा खरा राग इथेच आहे. साध्या माणसाने पैसे मोजून निश्चिंत झोपावं म्हणे! या जिल्ह्यात साध्या माणसाचा संगणक तयार कसा होतो, ते एकदा दुकानात उभं राहून पाहा. मुलीचं कॉलेज सुरू झालं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, म्हणून बाप जुना संगणक घेतो. दुकानदार त्यावर चोरीचं विंडोज टाकतो. ते चालू राहावं म्हणून एक 'अॅक्टिव्हेटर' चालवतो. हा अॅक्टिव्हेटर कुणी लिहिला, त्यात आणखी काय भरलं, हे दुकानदाराला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. पण त्याला संगणकाचे सर्वाधिकार लागतात आणि ते दिले जातात. डिफेंडर लगेच ओरडतं. बापाच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. दुकानदार म्हणतो, "काही नाही गा भाऊ, तो खोटा अलार्म देते, त्याले बंद करून टाकू." डिफेंडर बंद होतं, अॅक्टिव्हेटरचा फोल्डर अपवादांच्या यादीत जातो, म्हणजे यापुढे तिथे काहीही येऊन बसलं तरी पहारेकरी त्या बाजूला पाहणार नाही. डेटा जास्त जातो म्हणून विंडोज अपडेटही बंद. पायरसीचं फोटोशॉप, मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर याच वाटेने आत. आणि हे सगळं उरकल्यावर तोच दुकानदार, त्याच हाताने, बाराशेचा डबा पुढे करतो: "सुरक्षेसाठी हे घेऊन टाका."

वक्तेसाहेब, तुमचा डबा या संगणकावर काय करणार आहे? त्यानेही अॅक्टिव्हेटरवर बोट ठेवलं तर दुकानदार त्यालाही गप्प करेल. वर्ष संपलं की तो नवीन व्हायरसांची ओळख घ्यायचं थांबवेल, आणि नूतनीकरणाची खिडकी रोज बंद करत करत घर तसंच चालेल. २०१७ च्या १२ मेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. तीही फुकट. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलं त्यांनी ती घेतली नाही. या दुकानदारीवर तुमच्या भाषणात एक शब्द नसतो, कारण डबा त्याच दुकानात विकला जातो.

आणि ओटीपी स्वतः वाचून दाखवणाऱ्याला, 'डिजिटल अटक' म्हणून घाबरून पैसे पाठवणाऱ्याला कोणताच डबा वाचवत नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. डिफेंडर चालू ठेवा, दुसरा अँटीव्हायरस त्याच्या उरावर बसवू नका. अपडेट रात्री होऊ द्या. विंडोज १० साठीच्या नियमित मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. संगणक झेपत असेल तर ११ वर जा, नसेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस किंवा दुसरं एखादं लिनक्स घ्या, तेही कायदेशीररीत्या फुकट. रोजचं काम सर्वाधिकार नसलेल्या खात्यावरून करा. फोटो आणि दाखल्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवा. पेनड्राइव्हची भीती असेल तर सी-डॅकचं यूएसबी प्रतिरोध आहे. पैसे गेलेच तर लाजून बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. ज्याला एकाच ठिकाणी मुलांवरची देखरेख आणि मदतीला माणूस हवा, त्याने खुशाल विकतचं घ्यावं; ती सोय आहे, सुरक्षेची हमी नाही.

वक्त्यांना एक सुचवतो. पुढच्या भाषणात श्रोत्यांना आपापल्या संगणकातलं विंडोज सिक्युरिटी उघडायला लावा आणि अपवादांच्या यादीत काय आहे ते मोठ्याने वाचायला सांगा. सगळ्या याद्या रिकाम्या निघाल्या, तर टेबलावरचा पहिला डबा आम्ही घेऊ, छापील किमतीला.