वजन भरले, उताऱ्याचे काय?



युरियाचा मारा करून, भरमसाट पाणी देऊन वाढवलेला ऊस दिसायला हिरवागार दिसतो. पण तो लोळतो, आणि गाळपाला आला की उतारा पडतो. हे आपणांस सांगायला नको. तोच प्रकार आज आपल्या पोराबाळांच्या अंगावर चालू आहे, म्हणून हे चार शब्द.

आपली मुले लातूर-नांदेडला खोली करून शिकवणीला राहतात. कोणी भरतीसाठी पहाटे पळतात. अग्निवीरला साडेसतराव्या वर्षी जाता येते, म्हणजे तयारी त्याआधीच सुरू. छाती भरावी म्हणून पोरगा डबा आणतो, मैत्रिणी चिडवतात म्हणून पोरगी बारीक व्हायच्या गोळ्या घेते. घरी पत्ताच नसतो.

झटपट वजन वाढवणाऱ्या सुट्या गोळ्यांत डेक्सामेथासोन, सायप्रोहेप्टाडीन अशी औषधे सापडतात. पहिले स्टेरॉइड. त्याने अंगात पाणी साचते, तोंड भरते, आणि आपण म्हणतो, तब्येत सुधारली! आतून मात्र रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. दुसरे ॲलर्जीवरचे, त्याने भूक लागते अन् गुंगी येते. डेक्सामेथासोन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. बारीक होण्याच्या सिब्युट्रामीनवर तर हृदयाच्या धोक्यामुळे २०११ सालीच देशात बंदी आली.

पण 'पूरक आहार' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांना अठरा वर्षांची अट नाही. तंबाखूला २००३ च्या कायद्याने ती आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने एप्रिल २०२४ पासून वजन घटवण्याचे व स्नायू वाढवण्याचे पदार्थ १८ वर्षांखालील मुलांना विकणे बंद केले. साध्या प्रथिनांच्या पावडरीला त्यात सूट ठेवली. असा नियम आपल्याकडेही व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, तंबाखूचा कायदा असून टपरीवर पोरे पुडी घेतातच की! खरे आहे. पण कायदा असला म्हणजे दुकानदाराला हटकता येते. नसला तर हटकणारालाच लोक वेड्यात काढतात.

म्हणून वार्षिक सभेत तसा ठराव करून सरकारकडे पाठवावा. तोवर आपल्या हातातले आपण करू. औषध फवारणीचे असले तरी आपण बिल मागतो, मग पोराच्या पोटात जाणाऱ्याचे का मागू नये? डब्यावर १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहा. बिनलेबलाची गोळी आणि भरतीच्या नावाखालचे इंजेक्शन घरात येऊ देऊ नका. मूल आधीच गोळ्या घेत असेल तर रागावून एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तोडले तर जिवावर बेतते. गोळ्यांसह त्याला सरकारी दवाखान्यात न्या.

अंग कमवायला शेंगदाणे, हरभरा, दूध, अंडी आणि ज्वारीची भाकरी आहे. वेळ लागेल, पण उतारा चांगला पडेल.

— आपला,
ऊस विकास अधिकारी