अंड्याचा भाव आणि घरातील वाटणी

कांदा महागला की मंत्रिमंडळाच्या बैठका होतात, तेल महागले की आयातीचे हुकूम निघतात, साखर महागली की विधिमंडळात आवाज चढतात. अंडे महागले तर मात्र कोणी हूं की चूं करीत नाही. अंडे ही चैनीची वस्तू आहे, परवडत नसेल त्याने खाऊ नये, अशी आपल्या सुखवस्तू वर्गाची समजूत दिसते. ही समजूत किती चुकीची आहे हे पाहावयाचे असेल तर सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत संध्याकाळी जावे. मागावर बारा तास उभा राहून आलेला खानदेशी कामगार कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीत काय घेऊन परततो, ते नुसते पाहिले तरी पुरे.

डिसेंबर २०२५ मध्ये नामक्कलच्या घाऊक बाजारात अंड्याच्या दराने सहा रुपयांची मर्यादा ओलांडली आणि अनेक शहरांत किरकोळ गिऱ्हाइकाला एका अंड्यासाठी सात ते आठ रुपये मोजावे लागले. रुपया-दोन रुपयांचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. चार माणसांच्या घरात दररोज माणशी एक अंडे धरले तर महिन्याला एकशेवीस अंडी होतात. पाच रुपये दराने त्यांचे सहाशे रुपये होतात, आठ रुपये दराने नऊशे साठ. हा तीनशे साठ रुपयांचा फरक खोलीभाडे, रॉकेलच्या जागी आलेला गॅस आणि गावाकडे पाठवावयाचे पैसे यांतून कोठून काढावयाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाकडे नाही. ते त्या घरातील गृहिणीलाच शोधावे लागते.

आणि ती ते शोधते. तीस अंड्यांचा ट्रे घेणारे घर डझनावर येते, डझनाचे घर सुट्या दोन-चार अंड्यांवर. तडकलेली अंडी स्वस्त मिळतात म्हणून ती मागून घेतली जातात. आमलेटात बेसन वाढते, भुर्जीत कांदा वाढतो, रश्शात अंड्याचे दोन भाग होतात. एवढ्यानेही भागले नाही की वाटणी सुरू होते. मिळवत्या पुरुषाला पूर्ण अंडे, शाळेत जाणाऱ्या मुलाला पूर्ण, मुलीला अर्धे आणि स्वतःला नुसता रस्सा. हा क्रम कोणी कागदावर लिहून ठेवलेला नाही. परंतु भाववाढीचा पहिला घाव घरातील बाईच्या ताटावर पडतो, हे सांगावयास कोणत्या पाहणीची गरज नाही. ज्या देशात स्त्रियांतील रक्तक्षय हा जुनाट रोग होऊन बसला आहे, त्या देशात ही वाटणी म्हणजे केवळ घरगुती बाब उरत नाही.

सुरतेची अंड्याची लारी प्रसिद्ध आहे. तिच्यावर मिळणाऱ्या ‘घोटाळा’ नावाच्या पदार्थाची कीर्ती मुंबईपर्यंत पोहोचली आहे. शौकिनांना दर वाढला तरी फारसे बिघडत नाही. पण रात्रपाळी सुटल्यावर दोन पाव आणि दोन अंडी हेच ज्याचे जेवण, त्या एकट्या मजुराच्या हिशेबात खरा घोटाळा होतो. तो अंडी सोडतो आणि वडापाव किंवा चहा-खारीवर भूक मारतो. पोट भरते, शरीराची झीज मात्र भरून निघत नाही. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात आणि ती शिजवावयास पाच-दहा मिनिटे लागतात. ज्याच्याकडे वेळ नाही, भांडी नाहीत आणि इंधन जपून वापरावयाचे आहे, त्याला याहून सोपे पोषण दुसरे नाही.

मग दोष कोणाचा? कुक्कुटपालकाच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. अंड्याच्या उत्पादनखर्चात निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचा, म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंडीचा असतो. तो मका आता पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलसाठीही मोठ्या प्रमाणावर खपू लागला आहे. मोटारीची टाकी आणि कोंबडीचे खाद्य यांची अशी स्पर्धा लागल्यावर कोण जिंकणार हे उघड आहे. त्यात हिवाळ्यात मागणी वाढते आणि रोगाची टांगती तलवार तर कायमचीच. सुरत-जळगाव लोहमार्गावरील नवापूर आमच्या वाचकांना चांगले ठाऊक आहे. त्याचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि २०२१ मध्ये तो फिरून आला. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही याच रोगाने मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी दर सहा डॉलरांच्या वर नेला. उन्हाळ्यात भाव कोसळतात आणि उत्पादक तोट्यात विकतो, तेव्हा त्याचे अश्रू पुसावयास कोणी येत नाही. या लहरी बाजारालाच कंटाळून १९८२ साली उत्पादकांनी डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली. ती आज रोज शहरवार दर जाहीर करते आणि त्यांत सुरतेचाही दर असतो. दर चढला की दुकानदार त्याच सकाळी तो वसूल करतो, उतरला की मात्र आठवडाभर त्याला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा गिऱ्हाइकानेही तो दर पाहूनच खरेदी करावी.

खरा प्रश्न शासनाच्या धोरणाचा आहे. पोषणशास्त्रज्ञ वर्षाला माणशी १८० अंडी सुचवितात. २०२३-२४ मध्ये देशात दरडोई उपलब्ध होती १०३. महाराष्ट्राची रोजची गरज सव्वादोन कोटींहून अधिक असून सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा पडतो, असे जानेवारी २०२३ मध्ये त्या राज्याच्या पशुसंवर्धन खात्यानेच सांगितले. असे असता, नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आणलेल्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबविण्यात आला आणि हवे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्यांच्या ताटातून अंडे गेले त्यांच्याकडूनच वर्गणी मागण्याचा हा प्रकार! गुजरातेत तर माध्यान्ह भोजनात अंड्याला प्रवेशच मिळालेला नाही. उलट २०२१ साली काही महापालिकांनी अंड्याच्या लाऱ्यांवरच हात टाकला आणि उच्च न्यायालयाला अहमदाबाद महापालिकेची कानउघाडणी करावी लागली.

ज्याला अंडे वर्ज्य आहे त्याच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. त्याच्या मुलाला दूध द्या, केळे द्या. परंतु ज्याच्या घरी ते खाल्ले जाते आणि केवळ परवडत नाही म्हणून सुटते, त्याच्या मुलाने उपाशी का राहावे? तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलाला अंडे मिळते आणि नामक्कलच्या उत्पादकाला बारमाही गिऱ्हाईक मिळते. धुळे-नंदुरबारच्या शेतकऱ्याच्या कोंबड्या आणि सुरतेच्या शाळा यांत मोजक्या तासांचे अंतर आहे. ही सांगड घालावयास योजना आयोग लागत नाही, इच्छा लागते.

सुरतेपासून दूर नसलेल्या दांडीच्या किनाऱ्यावर १९३० साली गांधीजींनी मूठभर मीठ उचलले, तेव्हा एवढ्याशा मिठाचे ते काय, असे हसणारे पुष्कळ होते. गरिबाच्या ताटातील वस्तू कधीच क्षुल्लक नसते, हे त्या मुठीने दाखवून दिले. महाराष्ट्र शासनाने तो थांबविलेला निधी पुन्हा सुरू करावा, गुजरात शासनाने पालकांच्या इच्छेनुसार शाळेत अंडे द्यावे आणि इथेनॉलचा मका ठरविताना कोंबडीच्या खाद्याचाही विचार व्हावा, एवढीच आमची मागणी आहे. लिंबायतमधील एखाद्या घरात उद्या आईच्या ताटात पूर्ण अंडे पडले, तर ती मागणी व्यर्थ गेली नाही असे आम्ही समजू.