तीन महिन्यांचे तज्ज्ञ

कायदा करणे सोपे, तो राबविणारी माणसे तयार करणे अवघड, याचा प्रत्यय कामगारांच्या आरोग्याच्या बाबतीत पुन्हा येत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. विहित वर्गांतील कामगारांची दरवर्षी विनामूल्य आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी तिने मालकांवर टाकली आहे. तरतूद स्वागतार्ह आहे; पण रोग नेमका ओळखणारा डॉक्टर कोठून आणावयाचा?

सामाजिक वैद्यकशास्त्रात एम. डी. होण्यास डॉक्टरला तीन वर्षे लागतात. कारखान्याच्या डॉक्टरसाठी मान्य असलेला, शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत शिकविला जाणारा ए. एफ. आय. एच. अभ्यासक्रम मात्र तीन महिन्यांत पुरा होतो. त्याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु तेवढ्यावर तज्ज्ञ तयार होतो, असे मानणे ही आत्मवंचना होय.

येथे प्रश्न केवळ पदवीचा नाही. दगड फोडणाऱ्या कामगाराच्या छातीच्या क्ष-किरण चित्रातील डाग क्षयाचे मानले गेले, तर त्याला क्षयाची औषधे मिळतात. सिलिकोसिसचे निदान झाले, तर तो नुकसानभरपाईस पात्र ठरतो आणि त्याच धुळीत राबणाऱ्या सोबत्यांच्या रक्षणाचा मार्ग खुला होतो. सिलिकोसिस बरा होत नाही, तो टाळताच येतो. रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असे इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० सालीच वैद्यांस बजावले होते. प्रश्न विचारता येईल. उत्तराचा अर्थ लावण्यास मात्र शिक्षण लागते.

अमेरिकेत या शाखेला १९५५ पासून स्वतंत्र तज्ज्ञशाखेची मान्यता आहे. तेथे पहिल्या वर्षीच्या रुग्णालयीन अनुभवानंतर दोन वर्षांचे निवासी प्रशिक्षण असते व त्यात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी अनुभव या दोहोंचा समावेश होतो.

असा डॉक्टर लहान कारखान्यास परवडणार कसा, असा आक्षेप घेतला जाईल. प्रत्येक कारखान्यात तज्ज्ञ असावा, असे आमचे म्हणणे नाही. संशयास्पद रोगी ज्याच्याकडे धाडता येईल असा एक तरी तज्ज्ञ प्रत्येक औद्योगिक जिल्ह्यात हवा, आणि त्याचा पगार मालकाच्या हातून येऊ नये. वैद्यकीय महाविद्यालये व कामगार विमा रुग्णालये यांनी मिळून तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण सुरू केल्यास हे साधण्यासारखे आहे. ते होईपर्यंत वार्षिक तपासणीचे कागद भरतील. कामगाराच्या फुप्फुसांतील धूळ मात्र तेथेच राहील.